इंडियानातलं १९४४ सालचं पाककृतींचं पुस्तक : जुनी मापं, पांढरं ओलिओ आणि साखरेची कुपनं

रानमोगरा

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका छोट्या गावच्या चर्चमधल्या महिला मंडळानं १९४४ साली छापलेलं पाककृतींचं पुस्तक आमच्या वाचनगटाकडे स्कॅन होऊन आलंय. निधी गोळा करायला काढलेलं पुस्तक, त्यामुळे मधेमधे गावातल्या किराणा दुकानाच्या, बँकेच्या, औषधवाल्याच्या जाहिराती आहेत. एका पानावर शेरीफच्या (निवडून येणाऱ्या स्थानिक पोलीसप्रमुखाच्या) पदाला उभ्या असलेल्या उमेदवाराचा फोटो आहे आणि लगेच खाली पाकातल्या पीचची कृती.

यातले चार-पाच पदार्थ पुण्यात साध्या ओटीजीमध्ये करायचे आहेत. अडचण अशी की कृती दोन-तीन ओळींत संपते. "अंड्याएवढं लोणी", "चहाचा कपभर साखर", "यीस्टची एक वडी", "२ नंबरच्या डब्यातले टोमॅटो" म्हणजे नक्की किती घ्यायचं? ओव्हन "मंद", "मध्यम" किंवा "कडक", एवढंच लिहिलंय. कुकीजमध्ये "ओलिओ, रंगवून घेतलेलं" असं आहे. ते कशाला रंगवायचं? पीचच्या कृतीत "बरण्यांसाठी मिळालेली साखर घ्या, आठवड्याच्या साखरेला हात लावू नका" अशी सूचना आहे. फरसबीच्या शेंगा बरणीत भरून तीन तास उकळायला सांगितल्या आहेत, ते आज करावं का? आणि ही बाई सामान आणत कुठून होती? दुकानात जाऊन, की कॅटलॉगवरून मागवून?

जाणकारांनी सविस्तर सांगावं. लांबलचक प्रतिसाद चालतील, उलट हवेच आहेत.

पळीभर

मापांचं सांगतो. अशा पुस्तकांत एक गोष्ट आधी ओळखावी लागते : आजीची कृती आणि नातीची कृती शेजारीशेजारी छापलेली असते. फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या बॉस्टनच्या पुस्तकापासून सुरीनं सपाट केलेल्या कपाचा आग्रह सुरू झाला आणि १९४४ पर्यंत तो पुरता रुळला होता. तरी जुन्या बायका हाताच्या अंदाजानंच कृती लिहून देत. त्यामुळे एकाच पानावर दोन पद्धती दिसतात. "अंड्याएवढं" असे शब्द आले की कृती जुनी आणि "सपाट चमचा" आला की नवी, असं धरून चाला.

नवा कप ८ औंसांचा, म्हणजे २३७ मिली. चहाचा कप पाऊण कपाच्या आसपास, १८० मिली धरा. अंड्याएवढं लोणी म्हणजे पाव कप, ५५ ते ६० ग्रॅम. अक्रोडाएवढं म्हणजे एक ते दोन मोठे चमचे. "जिल" आलं तर अर्धा कप.

मैदा मात्र सांभाळा. त्या काळी मैदा आधी चाळायचा आणि मग कपात अलगद भरायचा ही रीत होती. असा कप ११५ ग्रॅमचा होतो. आपण डब्यात कप खुपसून भरतो तो सहज १४०-१५० ग्रॅम भरतो. तीन कपांच्या कृतीत शंभर ग्रॅमपर्यंत मैदा जास्त पडतो, मग कुकीज पसरत नाहीत, कोरड्या होतात, आणि दोष कृतीच्या माथी जातो. काटा असेल तर वजनानंच घ्या. साखर कपाला २०० ग्रॅम. आपली साखर दाण्यानं जाड असते, लोण्याबरोबर फेसताना ती विरघळत नाही. मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन रव्याइतकी बारीक करा. अगदी पिठीसाखर करू नका, नाहीतर कुकीजचा पोत बदलतो.

यीस्टची वडी म्हणजे ओलं, दाबून बसवलेलं यीस्ट, साधारण १७ ग्रॅम. त्याऐवजी कोरडं दाणेदार यीस्ट ७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन छोटे चमचे. जुन्या कृतीत "आदल्या रात्री यीस्ट भिजवा" असं असेल तर ती मक्याच्या पिठात वाळवलेली, सावकाश जागी होणारी वडी. तिथे आजचं ७ ग्रॅम यीस्ट रात्रभर ठेवलंत तर पुण्याच्या हवेत सकाळपर्यंत पीठ आंबून खाली बसलेलं असेल. रात्रभरासाठी पाव चमचा यीस्ट पुष्कळ होतं.

डब्यांचे नंबर : ३०३ नंबर म्हणजे २ कप, २ नंबर म्हणजे अडीच कप, अडीच नंबर म्हणजे साडेतीन कप, आणि १० नंबर म्हणजे १२ ते १३ कप. शेवटचा चर्चच्या जेवणावळीचा. एखाद्या कृतीत १० नंबरचा डबा दिसला तर ती घरच्या माणसांसाठी लिहिलेलीच नाही, सगळी प्रमाणं भागून घ्या.

ओव्हन : मंद म्हणजे १५० अंश सेल्सिअस, मध्यम १७५ ते १८०, कडक २०५ ते २२०, फार कडक २३० च्या पुढे. १९४४ मध्ये गावात गॅसच्या शेगड्या होत्या, पण आजूबाजूच्या शेतांवर लाकूड-कोळशाच्या लोखंडी चुली भरपूर होत्या. त्यांच्यासाठी चाचणी अशी : ताटलीत चमचाभर मैदा पसरून ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवायचा. फिकट बदामी झाला तर मंद, सोनेरी झाला तर मध्यम, गडद तपकिरी झाला तर कडक, आणि तीनच मिनिटांत गडद झाला तर फार कडक. तुमच्या ओटीजीचा काटा खरा आहे का, हे बघायलाही ही चाचणी आजमितीला उपयोगी आहे.

चुलीच्या ओव्हनला एका बाजूनं आगीची पेटी असते. चूल पेटवताना धुराची झडप उघडी, धूर सरळ धुरांड्यात. आग धरली की झडप बंद, म्हणजे तोच गरम धूर ओव्हनच्या भोवती फिरून जातो. पेटीच्या बाजूची कड आधी करपते, म्हणून "अर्ध्यावर फिरवा" हा शब्द कृतीत सतत येतो. ओव्हनच्या माथ्यावर राख आणि तळाशी काजळी साचली की उष्णता अडते, वरून कच्चं आणि खालून फिकं राहतं. पायला (इंग्रजी pie, सारण भरून भाजलेली पोळी) "दहा मिनिटं कडक, मग मध्यम" लिहिलेलं असतं ते तळाची पोळी रस शोषायच्या आत धरावी म्हणून. ओटीजीत खालची कॉईल चालू ठेवा आणि पाय सगळ्यात खालच्या खणात ठेवा.

मधली आळी

रंगवलेल्या ओलिओबद्दल. हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या संसदेत आहे, आणि ते कळल्याशिवाय ही कुकी नीट कळणार नाही.

ओलिओ म्हणजे मार्जरीन. फ्रान्समध्ये १८६९ साली निघालं आणि काही वर्षांत अमेरिकेत लोण्यापेक्षा स्वस्त विकलं जाऊ लागलं. दुधाचा धंदा करणाऱ्या राज्यांनी ओरड केली. १८८६ साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या सहीनं कायदा झाला : पौंडामागे २ सेंट कर, शिवाय किरकोळ दुकानदाराला वर्षाला ४८ डॉलर, घाऊक विक्रेत्याला ४८० आणि कारखानदाराला ६०० डॉलर परवाना फी. काही राज्यांनी तर मार्जरीन गुलाबी रंगवूनच विकावं असा कायदा केला. तसला न्यू हॅम्पशायरचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १८९८ साली मोडीत काढला.

१९०२ सालच्या दुरुस्तीनं खरी गाठ मारली. पिवळ्या मार्जरीनवर पौंडाला १० सेंट कर, पांढऱ्यावर फक्त पाव सेंट. झालं, कारखान्यांनी पांढरं विकायला सुरुवात केली आणि सोबत रंगाची पुडी द्यायला. घरी स्वतःच्या कुटुंबासाठी रंगवलं तर कर लागत नसे. तेव्हा "रंगवून घेतलेलं" हे शब्द म्हणजे दहा सेंट वाचवल्याची खूण आहे.

रंगवायची रीत : पौंडभर ओलिओ वाडग्यात काढून घरच्या उष्णतेला मऊ होऊ द्यायचं, बोट सहज रुतेल इतकं. मग पुडी भुरभुरून लाकडी चमच्यानं दाबत-पसरत मळायचं. थंड असताना घाई केली तर नारिंगी रेघा राहतात आणि ताटात ते बघवत नाही. चुलीजवळ ठेवून वितळवलं तर पाणी आणि चरबी सुटी होतात, परत गोठल्यावर रवाळ लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत रंगाची गोळी फोडून बाहेरूनच चोळायची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर आली, तुमच्या पुस्तकानंतरची.

पदार्थाला रंगाशी काही देणंघेणं नाही, कुकीत रंग नाही घातला तरी चव तीच. चरबीचं प्रमाण मात्र बघायला हवं. १९४१ च्या सरकारी मानकानुसार मार्जरीनमध्ये ८० टक्के चरबी हवी होती, म्हणजे लोण्याइतकीच. आज डबीत मिळणारे मऊ "स्प्रेड" बऱ्याचदा ४० ते ६० टक्क्यांचे असतात, उरलेलं पाणी. ते वापरलंत तर कुकीज आधी फुगून मग चिवट होतात आणि पायच्या पोळीला पापुद्रे सुटत नाहीत. वेष्टनावर ८० टक्के चरबी लिहिलेलं वडीचं मार्जरीन घ्या, नाहीतर सरळ खारं लोणी घ्या आणि कृतीतलं मीठ गाळा.

ही लढाई संपायला बराच काळ गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीनं केंद्राचा कर १९५० साली उठला. विस्कॉन्सिननं मात्र पिवळ्या मार्जरीनवरची बंदी १९६७ पर्यंत धरून ठेवली; लोक गाडी काढून इलिनॉयच्या हद्दीतून खोकी भरून आणत. तिथले एक राज्य सिनेटर गॉर्डन रोझलीप लोण्याच्या बाजूनं हिरीरीनं भांडत. डोळे बांधून घेतलेल्या चव-परीक्षेत त्यांनी मार्जरीनलाच लोणी म्हटलं. त्यांच्या तब्येतीसाठी बायको घरात गुपचूप मार्जरीनच वाढत होती, हे पुढे कुटुंबीयांनी सांगितलं.

आपल्याकडेही वनस्पती तुपाला रंग घालावा की नाही यावर स्वातंत्र्याच्या आसपास असाच वाद झाला. रंग राहिला बाजूला; वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल सक्तीनं घालायला लावलं, म्हणजे साजूक तुपातली भेसळ प्रयोगशाळेत पकडता यावी. अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसेल अशी खूण ठेवली, आपण परीक्षानळीत दिसेल अशी.

तिसरा प्रहर

आता साखर. अमेरिकेतलं रेशनिंग आपल्या डोक्यातल्या रेशनच्या दुकानासारखं नव्हतं. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आलं तेव्हा ठरलेल्या दुकानातून ठरलेला शिधा मिळे. अमेरिकेत दुकान कोणतंही चाले, पैसे बाजारभावानं द्यायचे आणि वर कुपन फाडून द्यायचं. म्हणजे कुपन हे दुसरं चलन होतं. भावावर सरकारनं कमाल मर्यादा घातलेली आणि त्याचा तक्ता दुकानात लावलेला असे.

साखर सर्वांत आधी, मे १९४२ मध्ये. नावनोंदणी गावच्या शाळेत झाली, पुस्तिका शिक्षकांनी भरून दिल्या. माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. तुमच्या पुस्तकातली "आठवड्याची साखर" ती हीच. फळं बरण्यांत भरण्यासाठी वेगळी साखर मिळे. तिचा सुरुवातीचा हिशेब असा : तयार फळांच्या ४ क्वार्ट बरण्यांना (एक क्वार्ट म्हणजे ४ कप) १ पौंड. त्यासाठी गावच्या रेशन बोर्डाकडे अर्ज करून किती बरण्या भरणार ते लिहून द्यावं लागे.

हा हिशेब हवेतला नाही, करून बघा. पातळ पाकाला ४ कप पाण्यात २ कप साखर. त्याचा पाच कपांच्या आसपास पाक होतो. कच्चे पीच दाबून भरलेल्या एका क्वार्ट बरणीत सव्वा कपभर पाक मावतो. म्हणजे पाच कपांत चार बरण्या, आणि १ पौंड साखर सव्वादोन कप भरते. बरोबर बसतं. पण मध्यम पाक केला, म्हणजे ४ कप पाण्याला ३ कप साखर घेतली, की हिशेब कोलमडला, आणि आठवड्याच्या साखरेला हात लावावा लागे. कृतीखालची सूचना त्यासाठी आहे. तुमच्या कृतीत पाकाचं प्रमाण दिलं नसेल तर पातळच धरा.

बरणीतल्या फळांचं टिकणं साखरेवर अवलंबून नसतं, उकळणं आणि हवाबंद झाकण यांवर असतं. साखर रंग आणि घट्टपणा राखते. जॅम-जेलीत मात्र साखर कमी केली की पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) धरत नाही आणि सगळं रसाळ राहतं.

केकमध्ये साखरेऐवजी मध घातलेल्या कृती त्या वर्षांत पुष्कळ दिसतील. प्रमाण : १ कप साखरेला १ कप मध, इतर पातळ पदार्थ पाव कपानं कमी, आणि ओव्हन १५ अंशांनी उतरवलेला. न उतरवल्यास वरचा थर काळा पडतो आणि आत गाळ राहतो. मक्याचा पाक मधापेक्षा कमी गोड असतो, तो निम्म्या साखरेच्या जागीच चालतो.

मार्च १९४३ पासून गुणांची पद्धत आली. निळे गुण डबाबंद पदार्थांसाठी, माणशी महिन्याला ४८. लाल गुण मांस, चीज, लोणी, चरबी यांना, आठवड्याला १६. सुरुवातीच्या तक्त्यात पौंडभर लोण्याला ८ आणि मार्जरीनला ५ लाल गुण लागत. वरच्या प्रतिसादातला पांढरा ओलिओ घराघरांत शिरला तो या तीन गुणांच्या फरकानं. लोण्याचे गुण पुढे आणखी चढले. कुपनाला मुदत असे, आणि सुटं फाडून आणलेलं कुपन वाण्यानं घ्यायचं नाही; पुस्तिकेतून त्याच्यासमोर फाडायचं. फेब्रुवारी १९४४ पासून सुट्ट्या गुणांसाठी लाल-निळ्या बारक्या चकत्या निघाल्या.

पुस्तकात "बेकनची (डुकराच्या खारवलेल्या मांसाची) चरबी गाळून ठेवा" असं वारंवार येत असेल. ती खाटकाकडे नेली की पौंडाला ४ सेंट आणि २ लाल गुण मिळत. ग्लिसरीन काढून दारूगोळ्यासाठी जायची ती.

राजकारण इथेही आहेच. देशभर साडेपाच हजारांच्या आसपास स्थानिक बोर्डं होती आणि त्यांवर गावातलीच माणसं बिनपगारी बसत. म्हणजे शेजाऱ्यानं शेजाऱ्याची साखर ठरवायची. युद्ध संपल्यावर भावनियंत्रण काढावं की ठेवावं यावर १९४६ साली रान पेटलं. जूनअखेर नियंत्रण संपलं, मांसाचे भाव भडकले, नियंत्रण परत आणलं तर शेतकऱ्यांनी जनावरं बाजारात आणलीच नाहीत, खाटकांची दुकानं रिकामी. ट्रूमन यांनी १४ ऑक्टोबरला मांसावरचं नियंत्रण उठवलं, पण उशीर झाला होता. तीन आठवड्यांत निवडणूक झाली आणि रिपब्लिकन पक्षानं दोन्ही सभागृहं जिंकली. साखरेचं रेशनिंग जून १९४७ पर्यंत चाललं.

रानमोगरा

पळीभर, मधली आळी, तिसरा प्रहर, तिघांचेही मनापासून आभार. चार बरण्यांचा हिशेब वाचून ती कृती पहिल्यांदा नीट कळली. फरसबीचं आणि दुकानांचं राहिलं. शिवाय एक नवीन शंका : बिस्किटांच्या (तिकडची बिस्किटं म्हणजे छोटे मऊ पाव) कृतीत "आंबट दूध आणि सोडा" आहे, आणि खाली कंसात "किंवा चांगली बेकिंग पावडर". चांगली म्हणजे कोणती?

काचेची बरणी

फरसबी : करू नका. हे ठाम सांगते.

बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. तीन तास उकळूनही ते मेले याची खात्री नाही. बरणीत हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांना हवं ते सगळं आहे. वास, रंग, चव न बदलताही विष तयार झालेलं असू शकतं. त्यांना मारायला ११६ अंश लागतात, आणि ते दाबाशिवाय जमत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९१७ पासूनच अशा भाज्यांसाठी दाबाचं भांडं सांगितलं होतं. पण भांडं महाग, युद्धात धातू टंचाईचा, म्हणून बायका जुन्या रीतीनं उकळत राहिल्या. खात्याचा दुसरा सल्ला होता की अशी भाजी चाखण्याआधी दहा मिनिटं उकळा, कारण विष उष्णतेनं मोडतं. जुन्या पुस्तकांत भाजी "पुन्हा खूप वेळ शिजवा" असतं, त्याचं कारण हेच.

आपला घरचा कुकर इथे चालत नाही. तो लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि तपासलेल्या वेळा मोठ्या, निदान चार क्वार्ट बरण्या मावणाऱ्या भांड्यासाठी काढल्या आहेत. फरसबी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, बर्फाच्या पाण्यात काढून, कोरडी करून फ्रीजरमध्ये ठेवा. चव जवळपास तीच मिळते.

पीच बिनघोर करा, पण पिवळ्या गराचे घ्या. पांढऱ्या गराच्या पीचचा आंबटपणा कमी पडतो. सोलून, अर्धे करून, पोकळ बाजू खाली करून भरा, वर अर्धा इंच जागा सोडा, पातळ सुरी कडेनं फिरवून हवेचे बुडबुडे काढा. समुद्रसपाटीला कच्च्या भरलेल्या क्वार्ट बरणीला उकळत्या पाण्यात ३० मिनिटं, अर्ध्या क्वार्टच्या बरणीला २५. पुणे साडेपाचशे मीटरांच्या वर आहे, पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दोन्हीला पाच-पाच मिनिटं जास्त. बरणीवर पाण्याची पातळी इंचभर राहिली पाहिजे. टोमॅटो केलेत तर क्वार्टला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घाला. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो.

जुन्या पुस्तकातली जस्ताचं झाकण, आत काचेची चकती आणि खाली रबरी कडी, ही जोडणी आता वापरू नका. जॉन मेसन यांचं पेटंट १८५८ सालचं. आट्यांच्या बरणीवर ती जोडणी पुढे बरीच वर्षं चालली. पण झाकण बसलं की नाही हे तिच्यात नक्की कळत नाही, आणि चिरलेली कडी फसवते. केर कंपनीची १९१५ ची दोन तुकड्यांची रीत, म्हणजे चपटी चकती आणि वरून कडं, तीच आज सगळीकडे आहे. थंड झाल्यावर चकतीचा मध्य आत ओढला गेला नाही आणि बोटानं दाबल्यावर टक् वाजला, तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. तुमच्या पुस्तकात जेलीवर मेण ओतायला सांगितलं असेल, तेही टाळा. मेण कडेनं सुटतं आणि खालून बुरशी धरते.

गल्लीतलं पोस्ट

दुकानांबद्दल. उत्तर "दोन्ही" असं आहे, आणि त्या दोन्हींमध्ये चाळीस वर्षं भांडण चाललेलं होतं.

मुख्य रस्त्यावरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राही आणि यादी सांगे. वाणी फळीवरून डबा काढी, उंचावरचा असेल तर चिमट्याच्या लांब काठीनं. साखर, बीन्स, बिस्किटं मोजून कागदात बांधून मिळत. स्वतः टोपलीत सामान घ्यायची पद्धत १९१६ साली मेम्फिसमध्ये पिगली विगली या दुकानानं सुरू केली. छोट्या गावात ती सावकाश पोचली, कारण तिथलं दुकान उधारीच्या वहीवर आणि फोनवरच्या ऑर्डरवर चाले. शेतकऱ्याची बायको शनिवारी संध्याकाळी अंडी आणि लोणी घेऊन येई. अंड्यांचं खोकं ३० डझनांचं. त्याचा भाव वाणी ठरवी, त्यातून किराण्याचे पैसे वळते होत, उरलेल्याची चिठ्ठी मिळे आणि ती त्याच दुकानात चाले. भाव कसा लावला जातोय हे कळायला बाईकडे दुसरं दुकान नसे.

तिथेच कॅटलॉगनं शिरकाव केला. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ साली एका कागदापासून सुरुवात केली, सीअर्स ही तशीच दुसरी कंपनी नंतर आली. छापील भाव सगळ्यांना एकच. पण माल आणि पत्रं शेतापर्यंत जाणार कशी? १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियात घरपोच ग्रामीण टपालाचा प्रयोग झाला, १९०२ मध्ये ते कायम झालं. १ जानेवारी १९१३ ला पार्सल टपाल सुरू झालं, आधी ११ पौंडांपर्यंत, मग मर्यादा वाढत गेली. गावोगावच्या दुकानदारांनी आमदार-खासदारांकडे तक्रारी नेल्या, काही गावांत कॅटलॉगांच्या होळ्या झाल्या. किराणा मात्र बहुतांश गावातच घेतला जाई. कॅटलॉगवरून येत ते चूल, शिवणयंत्र, कापड, बरण्या भरायचं भांडं, असं जरा मोठं काही.

टपालाशी आणखी एक धागा आहे. खेड्यातलं पोस्ट बऱ्याचदा दुकानाच्याच एका कोपऱ्यात असे आणि पोस्टमास्तर म्हणजे दुकानदार. पत्र घ्यायला आलेलं माणूस मीठमिरची घेऊन जाई, म्हणून हे पद कमाईचं. नेमणूक मात्र पक्षाची. अध्यक्ष बदलला की पोस्ट उचलून समोरच्या पक्षाच्या वाण्याकडे जाई. क्लीव्हलँड यांच्या पहिल्या कारकिर्दीत टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी अशा हजारो रिपब्लिकन पोस्टमास्तरांना घरी पाठवलं. गावच्या बायकांना निवडणुकीचा निकाल वर्तमानपत्राआधी पोस्टाच्या खिडकीवरून कळत असेल, असं मला नेहमी वाटतं. टपालखात्यातला पक्षाचा हात १९७० च्या सुधारणा कायद्यानं निघाला.

इंडियानात तर राज्य कर्मचाऱ्यांच्या पगारातले २ टक्के सत्ताधारी पक्षाकडे जात. ही प्रथा गव्हर्नर पॉल मॅकनट यांच्या काळात, १९३३ पासूनची. शेरीफचा उमेदवार चर्चच्या पुस्तकात पानभर जाहिरात देतो त्यात नवल नाही. बायकांना १९२० पासून मत होतं आणि हे पुस्तक वर्षानुवर्षं त्यांच्याच ओट्यावर उघडं राहणार होतं.

पळीभर

सोड्याचं माझ्याकडे राहिलं. १ कप आंबट दुधाला अर्धा छोटा चमचा सोडा. त्याचा जोर २ छोटे चमचे बेकिंग पावडरइतका. सोडा वाढवला की बिस्किट पिवळट होतं आणि साबणासारखं लागतं. हे आंबट दूध म्हणजे न तापवलेलं, आपोआप विरजलेलं. आजचं पिशवीतलं दूध नासतं, तसं आंबत नाही. अर्धा कप दही अर्धा कप पाण्यात घुसळून घ्या. जेवणातलं पातळ ताक नको, त्यात आंबटपणाही कमी आणि स्निग्धांशही.

"चांगली" पावडर हा त्या काळचा भांडणाचा शब्द. रॉयलची पावडर क्रीम ऑफ टार्टरची (द्राक्षांपासून मिळणाऱ्या आंबट चूर्णाची), महाग. कॅल्युमेट आणि इंडियानातल्याच टेरे होटची क्लॅबर गर्ल या तुरटीच्या वर्गातल्या, स्वस्त. टार्टरवाल्यांनी तुरटी विषारी असल्याचा प्रचार केला. मिझुरी राज्यात १८९९ साली तुरटीच्या पावडरीवर बंदीही आणवली, त्यामागची लाचखोरी १९०३ मध्ये उघडी पडली आणि लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ली यांना पद सोडावं लागलं. इंडियानातल्या गावात १९४४ साली फळीवर तुरटीचीच पावडर असण्याचा संभव जास्त.

कृतीत फरक असा पडतो : टार्टरची पावडर ओली होताक्षणी वायू सोडते, म्हणून मळल्याबरोबर ओव्हनमध्ये. तुरटीची दुहेरी, थोडा जोर ओली झाल्यावर आणि बाकीचा उष्णतेत, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं थांबली तरी चालते. आपल्याकडच्या डबीवर दुहेरी लिहिलेलं नसेल तर आधी ओव्हन तापवा आणि मगच दूध किंवा दही ओता. २ कप मैद्याला ३ छोटे चमचे पावडर, पाऊण चमचा मीठ, पाव कप थंड लोणी आणि पाऊण कप दूध. लोणी ज्वारीच्या दाण्याएवढं राहीपर्यंतच चोळा, सात-आठ वेळांपेक्षा जास्त मळू नका. अर्धा इंच जाड लाटून, वाटी फिरवून न कापता सरळ खाली दाबून कापा. फिरवलं की कड चिकटते आणि बिस्किट एका अंगाला कलतं. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

या कृतीत दह्याऐवजी साधं दूध आहे, म्हणून सोडा नाही. दही घेतलंत तर पावडर दीड चमचा आणि सोडा पाव चमचापेक्षा थोडा जास्त.